मागं कोण बसते?

आमचे घरमालक पाहुण्याला "या, बसा" म्हणायच्या आधी त्याच्या गाडीच्या पुढच्या चाकाला बोट लावून पाहत. बोटाला लागलेली काळी धूळ अंगठ्यावर चोळायची, उन्हात धरायची, आणि मग पाहुण्याचं नावगाव राहिलं बाजूला, पहिला प्रश्न यायचा, "मागं कोण बसते?"

प्रताप नगरातली त्यांची वरची खोली बघायला मी गेले तेव्हा माझंही स्वागत असंच झालं. मी नुकतीच जुनी गाडी घेतली होती. फाटकाशी लावून उतरते न उतरते तोच एक उंच, वाळका म्हातारा लेंगा-बनियनवर बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता चाकापाशी उकिडवा बसला. मला वाटलं, टायर पंक्चर झालं असावं.

"मागं कोण बसते?"

"कोणी नाही. मी एकटीच असते."

"एकटी असते, गावात चालवते, आणि पॅड असे डोंगर उतरणाऱ्याचे? कोणी टाकले?"

"मला काय माहीत. आधीच्या मालकाने टाकले असतील."

"म्हंजे तू दुसऱ्याच्या ब्रेकवर गाडी चालवून राहिली," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी कीव होती की मी दुसऱ्याचा चष्मा लावून फिरते आहे असंच मला वाटलं. मग उठून लेंग्याला हात पुसत म्हणाले, "ये, चहा घे." खोली, भाडं, पाणी कधी येतं वगैरे सगळं पुढे त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, सांगितलं. सरांच्या दृष्टीने माझी चौकशी पूर्ण झाली होती.

सर म्हणजे भूगोलाचे शिक्षक. आयुष्यभर हायस्कुलात नद्या आणि डोंगर शिकवले, आणि निवृत्त झाल्यावर मोटारीच्या ब्रेक पॅडच्या नादाला लागले. लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात, भजनी मंडळात जातात. यांनी तीन प्रकारचे पॅड आणून आपल्या जुन्या गाडीत एकामागून एक घालून बघायला सुरुवात केली. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चाळीस वर्षं पोट्ट्यायले सांगितलं की उतारावर पाणी काहून धावते. ते थांबवाचं कसं, हे कधी सांगितलंच नाही." उत्तर ऐकायला झकास होतं, पण खरं कारण वेगळं असावं. सरांना कुठलीही गोष्ट दुसऱ्या गोष्टीशेजारी ठेवून बघायची खोडच होती. दोन दुकानांतलं पोह्याचं पाकीट, दोन कंपन्यांच्या काड्यापेट्या, दोन जावई. जावयांच्या बाबतीत काकूंनी त्यांना वेळीच गप्प केलं, म्हणून पॅड उरले.

दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात झिजलेले पॅड ओळीने मांडलेले असत. काकू पाहुण्यांना चहा देताना सांगायच्या, "लोकायच्या कपाटात ताजमहाल रायते, कपबशा रायतात. आमच्या घरी हे पाहा." आणि तरीही दर दिवाळीला त्याच ते कपाट पुसायच्या आणि पॅड होते त्याच क्रमाने परत लावायच्या. क्रम चुकला तर सरांना जेवण गोड लागत नसे.

पॅडांविषयी सर बोलत ते माणसांविषयी बोलल्यासारखं. ऑरगॅनिक म्हणजे मऊ स्वभावाचा. आवाज करत नाही, सकाळी थंड असला तरी लगेच पकडतो, पण तापला की हातपाय गाळतो आणि लवकर झिजतो. सेमी-मेटॅलिक तापाला भीत नाही, वजनाला भीत नाही, मात्र किरकिऱ्या, चाक काळं करणारा आणि डिस्क खाणारा. सिरॅमिक तेवढा शहरी. धूळ नाही, आवाज नाही, टिकतोही बराच, पण दाबून बघितलं तर "गोड बोलते, मनातलं सांगत नाही." तिघांतला चांगला कोणता असं कोणी विचारलं की सर भडकत. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी नवीकोरी मोठी गाडी घेतली आणि येऊन म्हणाले, "सर, पैशाकडे बघू नका. सगळ्यात भारी पॅड सांगा."

"सगळ्यात भारी भाजी कोणती, ते तुम्ही सांगा," सर म्हणाले.

"असं कसं सांगता येईल? कोणाला काय आवडतं..."

"मंग?" एवढं बोलून सरांनी पेपर उघडला. गृहस्थ निघून गेले. ते वर्षभर आमच्याशी बोलत नव्हते.

सरांचं म्हणणं एकच होतं, आणि ते सांगून सांगून त्यांनी आमचे कान पार पिकवले होते: पॅड गाडीले लागत नाही, मागं बसणाऱ्याले लागते. पुढे बसलेल्याला रस्ता दिसतो. म्हैस आडवी आली की तो आपोआप सावरून बसतो, त्याला ब्रेक कळतच नाही. ब्रेक खरा कळतो मागच्याला, डोळे मिटून बसलेल्याला. म्हणून दुसऱ्याच्या गाडीत ते स्वतः कधीही पुढे बसत नसत. पुढची जागा रिकामी ठेवून मागे डोळे मिटून बसत, आणि चालवणारा बिचारा ओला-उबरवाला असल्यासारखा दिसे. घरच्या गाडीत काकूंना मागे बसवत. काकूंच्या मांडीवर सोललेल्या लसणाची वाटी असे. वाटी हलली नाही तर पॅड पास.

याच प्रश्नावरून तो केटररचा किस्सा झाला. हुडकेश्वरकडचा एक केटरर आपली व्हॅन घेऊन आला होता. सरांनी चाकाला बोट लावलं आणि विचारलं, "मागं कोण बसते?"

"मागं कोण बसणार सर? रस्सा."

दुसरा कोणी हसला असता. सर गंभीर झाले. त्यांनी रश्श्याची चौकशी पाहुण्यासारखी केली. पातळ की दाट? गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, किती भरता? झाकणाला कडी आहे का? मग चार दिवस विचार करत बसले. वजन बघितलं तर सेमी-मेटॅलिक पाहिजे, रस्सा बघितला तर मऊ पाहिजे. शेवटी एका लग्नाच्या दिवशी ते स्वतः व्हॅनमध्ये मागे, रश्श्याच्या गंजाशेजारी बसून गेले. परत आले तेव्हा पांढऱ्या शर्टावर खांद्यापासून खिशापर्यंत तर्री होती आणि चेहऱ्यावर समाधान. "सेमी-मेटॅलिकच," त्यांनी फाटकातूनच जाहीर केलं. "पॅडचा काही दोष नाही. तो ड्रायव्हर उशिरा दाबते." त्यांनी ड्रायव्हरची दोन दिवस शिकवणी घेतली. काकूंनी तो शर्ट तीनदा धुतला आणि शेवटी त्याची फडकी केली.

मी त्यांच्याकडे राहायला लागले त्या सुमाराला सरांचा स्वभाव जरा निवळला होता, असं काकू सांगायच्या. पूर्वी म्हणे जेवताना ते भाजीवर भाष्य करत. मोहरी कच्ची राहिली, हिंग जास्त झाला, मेथी कालची आहे. आता मुकाट्याने जेवत. "रिटायर झाल्यावर काही लोक चिडके होतात," काकू म्हणायच्या, "हे उलटे शहाणे झाले." एकदा काकू देवळात गेल्या होत्या आणि गॅसवर दूध होतं. वर माझ्या खोलीपर्यंत जळका वास आला म्हणून मी धावत खाली आले. पातेलं काळं ठिक्कर पडलेलं, घरभर धूर, आणि सर ओसरीवर मजेत पेपर वाचत बसलेले. "वाचून राहिलो होतो," ते ओशाळून म्हणाले. मी पातेलं घासून ठेवलं. विद्वान माणसं अशीच असतात म्हणून मनातल्या मनात हसलेसुद्धा.

माझी आई रामटेकजवळच्या खेड्यात राहते. माझ्याकडे येते ती एसटीने. मोटारीत बसत नाही. मी तिसरीत होते तेव्हा आमच्या घरची माणसं भाड्याच्या जीपमधून रामटेकच्या गडावर गेली होती. उतरताना जीपचे ब्रेक लागेनासे झाले. ड्रायव्हरने जीप डोंगराच्या अंगाला घातली म्हणून सगळे वाचले. आईचं मनगट मोडलं, तेही पुढे बरं झालं. पण त्या दिवसापासून ती कधी लहान गाडीत बसली नाही. एसटीचं कसं चालतं, असं विचारलं तर म्हणायची, "ती सरकारची हाय."

गडावर मात्र ती दरवर्षी जायची, पायऱ्यांनी. दिवाळी झाली की एक दिवस पहाटे निघायची, वर रामाचं दर्शन घ्यायची आणि दुपारपर्यंत घरी. गुडघे दुखायला लागले तरी जायची. त्या वर्षी ती अर्ध्या पायऱ्यांवरून परत आली. दुसऱ्या दिवशी एसटीने माझ्याकडे आली, पिशवी खाली ठेवली आणि रडायलाच लागली. दर्शनाशिवाय मागे फिरायची ही तिची पहिलीच वेळ होती.

"मी नेते ना तुला गाडीने. गाडी थेट वरपर्यंत जाते."

"नाही."

"मग खुर्चीत बसवून चार माणसं नेतील."

"चार माणसं मेल्यावर उचलतात," आई म्हणाली. "मी का मेली हो?"

संध्याकाळी काकूंच्या ओसरीवर बसून मी हे सगळं सांगत होते. सर पेपर वाचत होते, निदान मला तसं वाटत होतं. सांगून झालं तसा त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "पोरी, आता तुह्या गाडीत मागं कोणीतरी बसणार हाय. तुह्या मायले बोलाव."

आई खाली आली, पदर सावरून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली. सरांनी तिला सगळं विचारलं, डॉक्टर विचारतो तसं. जीप उतरत होती तेव्हा आवाज आला होता का? झटके बसत होते का? गाडी एकीकडे ओढत होती का? आई मान हलवत राहिली. आवाज आठवत नाही, झटका आठवत नाही.

"मंग भेव कायचं वाटते, बाई?"

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "वास, गुरुजी. केस जळल्यावानी वास. आताही कोण्या गाडीजवळून तसा वास आला का माह्ये पाय लटलट कापतात." आणि तिथेच थांबली. आणखी काहीतरी होतं, पण ते तिने गिळलं. मी मुलगी आहे, मला कळतं.

आई वर गेल्यावर सर मला म्हणाले, "हे पाय, एवढासा गड. तू दुसऱ्या गिअरात उतरवली तं पॅडले कामच उरत नाही. कोणताही चालते. पण हे तुह्या मायले सांगून उपयोग नाही. तिच्या नाकाले सांगा लागन."

आणि मग त्या नाकासाठी पॅड निवडायचा उद्योग सुरू झाला. सरांनी काचेच्या कपाटातून तिन्ही जातींचे झिजलेले पॅड काढले, कानशीने घासून त्यांचा भुगा केला, मागच्या अंगणात शेगडी पेटवली आणि काकूंचा जुना तवा वर ठेवला. नाक म्हणून काकूंची नेमणूक झाली. काकूंचं नाक गल्लीत प्रसिद्ध आहे. तिसऱ्या घरात कांदा करपला तरी यांना कळतं. काकू शिव्या देत, नाकातोंडाला पदर धरून उभ्या राहिल्या.

पहिला भुगा तव्यावर पडला. धूर निघाला. मी खोकत मागे सरले. "केस!" काकू ओरडल्या. "केस जळून राहिले. फेका ते!" दुसरा पडला. "हा रबर. नाही, रबर नाही, लोहाराच्या भात्याजवळचा." तिसऱ्याला त्या दोन पावलं पुढे आल्या, पदर जरा बाजूला केला आणि म्हणाल्या, "हा काही खास नाही. इस्त्रीचा. कापडावर जरा जास्त ठेवली का येते, तसा."

"केसाचा नाही? नक्की?"

"अहो, तुमीच पाहा ना वाकून."

सर तर वाकलेलेच होते. आम्ही दोघी डोळे पुसत अंगणाच्या कडेला आणि ते धुराच्या वर तोंड धरून, जणू काही चहाची वाफ घेताहेत. तेव्हाही माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. "इस्त्री," त्यांनी समाधानाने मान हलवली. "इस्त्रीले कोणी भेत नाही. सिरॅमिक."

पॅड बसवले, आणि मला वाटलं, झालं. पण सरांनी गाडीची किल्ली आपल्याकडेच ठेवली. नवा पॅड पहिले काही दिवस वास देतोच, कोणत्याही जातीचा असो. डिस्कवर नीट बसेपर्यंत तो तापतो आणि त्याच्यातला चिकटा जळतो. तो वास सगळा निघून गेल्याशिवाय माझ्या आईला गाडीत बसवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, मी चालवते की. "नाही," ते म्हणाले, "तू ऑफिसले जाशील तवा सिग्नलवर सिग्नल. पॅड तसा नाही बसत. त्याले मोकळा रस्ता पायजे." मग मी मेट्रोने ऑफिसला जायचे आणि सर रोज दुपारी, भर उन्हात, हुडकेश्वरच्या पलीकडच्या रिंगरोडला माझी गाडी पळवायचे. वेग घ्यायचा, ब्रेक दाबून अगदी थांबायच्या बेतात आणायची, सोडायची, परत वेग. मधे थोडं गार होऊ द्यायचं. परत तेच.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी वाहतूक पोलिसाने त्यांना थांबवलं. हे आम्हाला त्यांनीच सांगितलं, मोठ्या कौतुकाने.

"काका, तब्येत बरी आहे ना? मघापासून पाहून राहिलो, पळवता आणि थांबवता, पळवता आणि थांबवता."

"वास काढून राहिलो," सर म्हणाले.

पोलिसाने त्यांना उतरवलं. तोंडाचा वास घेतला. तिथे चहाशिवाय काही सापडलं नाही. तेव्हा सर म्हणाले, "तोंडाचा नाही गा, चाकाचा घे. वास येते का सांग." आणि खाकी कपड्यातला तो तरणाताठा माणूस खरोखर वाकला आणि म्हणाला, "येते थोडासा." "मंग आज झालं नाही," म्हणून सर परत गाडीत बसले. पुढे त्या रस्त्यावरचा पंक्चरवाला, उसाच्या रसवाला, एक भाजीवाली, सगळे त्यांच्या ओळखीचे झाले. सर गाडी थांबवून प्रत्येकाला चाक हुंगायला लावत. आम्ही हसून हसून दमलो. एवढा काटेकोरपणा जगात कुठे बघायला मिळायचा, असं मी ऑफिसात सांगत असे.

एके दिवशी रसवाला नाही म्हणाला, भाजीवाली नाही म्हणाली, आणि पोलीसही नाही म्हणाला. घरी आल्यावर काकूंना मागे बसवून एक फेरी झाली. काकू म्हणाल्या, "वासबिस काही नाही. झोप येऊन राहिली." सरांनी किल्ली माझ्या हातात दिली.

आईला गाडीत कसं बसवलं ते काय सांगू. काकूंनी तिचा हात धरला, देवाचं नाव घेतलं, आणि जाताना चढच आहे, उताराचं तिथे गेल्यावर बघू, असं बोलून टाकलं. दोघी मागे बसल्या. जागा नव्हती असं नाही, पण सर त्या दिवशी पुढे बसले. मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाले, "आज मागची जागा त्यायची हाय." आई वाटभर सीटचा कोपरा धरून होती, पण कन्हान, मनसर करत आम्ही गडावर पोचलो. तिला दर्शन झालं. रामापुढे ती इतका वेळ उभी राहिली की पुजाऱ्याने काकूंना खूण करून विचारलं. बाहेर येऊन ती कठड्यापाशी बसली. वानरं आमच्या प्रसादावर डोळा ठेवून होती. आईचा चेहरा पाहून मला वाटलं, आता काही अडचण नाही.

गाडीपाशी आलो आणि तिने पाय मागे घेतला.

"मी पायऱ्यायनं उतरते."

"आई, तुझे गुडघे..."

"बसत बसत उतरीन. रात झाली तरी चालन."

काकूंनी समजावलं, मी आधी समजावलं आणि मग चिडले. आजूबाजूला लोक जमले. सर इतका वेळ बाजूला उभे होते. ते पुढे आले, माझ्याकडून किल्ली घेतली आणि कोणाशी न बोलता गाडी घेऊन एकटेच उतार उतरून गेले. आम्ही बघतच राहिलो. काही वेळाने गाडी परत वर आली. सर उतरले, पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि आईला म्हणाले, "या बाई. हुंगा."

माझ्या आईने, गडावर, सगळ्या लोकांसमोर, पदर सावरला, गुडघ्यावर हात ठेवत कण्हत वाकली आणि मोटारीच्या चाकाचा वास घेतला. मग पलीकडे जाऊन दुसऱ्या चाकाचा.

"नाही लागत काही," ती म्हणाली. पण तिचा विश्वास बसत नव्हता. "तुमीच हुंगा ना गुरुजी. तुमाले त्यातलं समजते."

सर अजून खालीच बसलेले होते. तिथूनच ते म्हणाले, "मले वास येत नाही, बाई."

आईला कळलं नाही. मलाही कळलं नाही.

"सगळे घरात कोंडले होते ना, त्या मोठ्या आजारात गेला, तो आलाच नाही वापस. फुलाचा येत नाही, धुराचा येत नाही, कायचाच येत नाही. म्हणून मी ज्याले त्याले विचारत राहतो. तुमच्या पोरीचे ब्रेक मी दुसऱ्यायच्या नाकानं तयार केले." ते गुडघ्यावर जोर देऊन उठले. "आता आम्ही उतरू. तुमची पोट्टी चालवन, तिचं ध्यान रस्त्यावर. मी शेजारी, मले काही येत नाही. ही माही बायको गाडीत बसली का झोपते. वास आला तं कोण सांगन?"

काकू एकदम वळून त्यांच्याकडे बघायला लागल्या.

आई तशीच उभी होती. मग अगदी हळू म्हणाली, "मले तवाही वास आला होता, गुरुजी. सगळ्यायच्या आधी आला होता. पण पुढं माणसं बसले होते, दीर, सासरे. बाईमाणूस, मी काय बोलू, म्हणून बोलली नाही. आणि मंग..." तिने मोडलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं होतं. इतक्या वर्षांत हे तिने मला सांगितलं नव्हतं.

"आज बोलजा," सर म्हणाले. "नुसता शक आला तरी बोलजा. पोट्टी तिथल्या तिथं थांबवन."

आईने माझ्याकडे बघितलं. "थांबवशीन?"

"थांबवीन."

"मंग बसा लागन," ती जरा रागानेच म्हणाली. "कोणीतरी हुंगाले पायजे."

तिने एसी बंद करायला लावला, दोन्ही काचा खाली करवल्या, आणि नाक बाहेर काढून बसली. मी दुसऱ्या गिअरात गाडी सोडली. पहिल्या वळणावर ती ओरडली, "थांबव!" मी थांबवलं. ती खाली उतरली, चाक हुंगलं, "नाही, तो त्या मक्याच्या भट्टीचा," म्हणून परत बसली. पुढे आणखी एकदा थांबवलं. तेव्हाही काही नव्हतं. सर प्रत्येक वेळी "बरं केलं" एवढंच म्हणत. गड उतरून सपाटीला लागलो तेव्हा तिने शेवटचं एकदा थांबवलं, उतरून बराच वेळ वाकून राहिली आणि मग सरळ उभी राहत म्हणाली, "जरासा आला. इस्त्रीचा."

"केसाचा नाही?" सरांनी विचारलं.

"नाही, गुरुजी. इस्त्रीचाच."

सरांनी डोळे मिटून मान मागे टेकवली. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. पण माझा पाय ब्रेकवर होता.

नंतर मात्र आईला कोणी आवरू शकलं नाही. नाक बाहेरच होतं, आणि जे लागेल ते ती पुढे कळवत होती. "गुरुजी, धान कापलं कोणी तरी. ओल्या तणसाचा येऊन राहिला." थोडं पुढे, "शिंगाडे उकडले." मनसरला भजी तळत होते, कन्हानच्या पुलावर नदीचा, कामठीत मटणाचा, म्हणून तिने नाकाला पदर लावला, आणि पुढे जाताच पदर काढून परत कामाला लागली. सर डोळे मिटून ऐकत होते, मधेच विचारत होते, "मोहरीच्या तेलात का फल्लीदाण्याच्या?" काकू खिडकीबाहेर बघत होत्या. नागपूर आलं तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की कन्हानपासून आईने सीटचा कोपरा धरलेलाच नाही.

घरी पोचल्यावर काकू थेट स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही जिन्यापाशी चपला काढत होतो आणि त्यांचा आवाज आला, चिडका, भरून आलेला. "एवढे दिवस मले काहून नाही सांगितलं?"

सर ओसरीवर उभे होते. "सांगितलं असतं तं तू हिंग टाकणं सोडून दिलं असतं," ते म्हणाले. "कोणासाठी टाकू म्हणाली असती."

भांड्यांचा आवाज झाला, गॅस पेटला. आई माझा हात धरून एकेक पायरी चढत होती. आम्ही अर्ध्या जिन्यावर असताना खालून तेल तडतडल्याचं ऐकू आलं आणि मागोमाग काकूंनी मोठ्याने हाक मारली, "अहो, लसणाची फोडणी दिली!"

"हाव," सर म्हणाले, "आली, आली."